दार अडवायला कोण?

माझा आवाज मोठा आणि डोकं लवकर तापतं. मानसिक आजारातून सावरणाऱ्या बायकांबरोबर काम करणाऱ्या बाईला हे शोभत नाही, असं वरिष्ठांनी मला कितीदा तरी सांगून झालंय. यवतमाळात एका साध्या गल्लीत आमचं भाड्याचं घर आहे. दवाखान्यातून बऱ्या होऊन सुटलेल्या, पण घरच्यांनी परत न नेलेल्या सहा बायका तिथं राहतात. स्वतः रांधतात, भाजी आणतात, भांडतात, जमेल ते काम करतात. मी रोज जाते. कोणाची झोप बिघडली, कोण गोळ्या टाळतेय, कोणाच्या कानात पुन्हा आवाज यायला लागले, ते बघते. पुष्कळदा तर नुसती वांगी चिरत बसते.

त्यांतल्या एकीला सगळ्या ‘मोठी’ म्हणायच्या. जवळच्या मेसमध्ये ती सकाळी पोळ्या लाटायची. आईबाप केव्हाच गेलेले. एक धाकटा भाऊ, राळेगावकडच्या एका गावात शेती करणारा. महिन्यातून एकदा यायचा, तिच्यासाठी चिवडा आणायचा, तासभर बसायचा. असे भाऊ आमच्याकडे कमी, त्यामुळे माझा त्याच्यावर जीव होता.

तर एका दिवशी तो आला आणि त्यानं स्वतःच्या लग्नाची पत्रिका माझ्यापुढे ठेवली. “मॅडम, तुमी नक्की या. पन ताईले सांगू नका.”

“काहून?” माझा आवाज चढलाच.

मान खाली घालून तो सांगू लागला. बहीण अशी म्हटल्यावर आधी दोन ठिकाणी जमलेलं मोडलं होतं. म्हणून या वेळी त्यानं बहीण पुण्याला कंपनीत आहे असं सांगून टाकलं. “सुट्टी नाही भेटली म्हनतो लोकायले. होऊन जाईन लग्न.”

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. ‘लाज नाही वाटत का रे’ ही त्यातली सौम्य सुरुवात. बोलता बोलता बघते तर मोठी चहा घेऊन उभी. केव्हापासून उभी होती देव जाणे. तिनं कप ठेवले, पत्रिका उचलली, सावकाश वाचली.

“दार कोन अडवन तुहं?” तिनं भावाला विचारलं.

लग्न लागून नवरानवरी घरी आली, की नवऱ्याची बहीण उंबऱ्यावर आडवी उभी राहते. भावानं काहीतरी कबूल केल्याशिवाय जोडप्याला आत सोडत नाही. तुझी पोरगी माझ्या पोराला देशील का म्हणून विचारायचं, साडी उकळायची, सगळ्यांनी हसायचं. आहे थट्टाच. पण ती करायचा मान बहिणीचा.

“काकाची पोरगी अडवन,” तो कसाबसा म्हणाला.

“मी असून?”

ती रडली नाही की भांडली नाही. तो गेल्यावर मात्र माझ्यापाशी आली. “मॅडम, पुन्याले हाय म्हनते त म्हनू द्या ना. मी बी तसंच सांगीन. पन मले दारात उभं राहू द्या.”

माझं डोकं पुन्हा तापलं. आजाराची लाज बाळगू नका म्हणून आम्ही या बायकांना कानीकपाळी ओरडतो, आणि हिला मी खोटं बोलायला घेऊन जाऊ? पण लग्न तिच्या भावाचं होतं, माझ्या तत्त्वांचं नव्हतं. मी त्याला फोन लावला. त्यानं आधी ‘बघतो, बघतो’ केलं. मग म्हणाला, “आना मॅडम. पन सांभाळून. लई घोर हाय जीवाले.”

घोर मलाही होताच. एप्रिलचं ऊन, गर्दी, बँडचा दणदणाट. एवढ्यानं धडधाकट माणूस बेजार होतो. डॉक्टरांशी बोलले, गोळ्यांच्या वेळा ठरवल्या. घरातल्या बाकीच्या जणी तिच्या साडीवरून अशा भांडल्या, की करवल्या जशा काही त्याच!

लग्न राळेगावातल्या एका कार्यालयात होतं. आम्ही दोघी एसटीनं गेलो आणि पंख्याखालच्या खुर्च्या धरल्या. नवरीची मावशी नेमकी शेजारी येऊन बसली. “पुन्याले कोनत्या कंपनीत हायेत ह्या?”

“बिस्किटांच्या,” मी ठोकून दिलं.

“मी पोळ्या लाटतो,” मोठी म्हणाली.

मावशी आमच्याकडे पाहतच राहिली. “बिस्किटाच्या कंपनीत पोळ्या?”

“कँटीन असते ना बाई तिथं!” मी म्हटलं आणि घाम पुसला. मोठीला हसू आवरेना. तिला असं खुदुखुदु हसताना पाहून मलाही राहवलं नाही. जेवणानंतर मात्र तिनं गोळी माझ्या पाठीआड लपून घेतली, पाण्याचा घोट घाईघाईनं गिळला, आणि कोणी पाहिलं का म्हणून इकडंतिकडं बघितलं. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी वरात गावात पोचली. उंबऱ्यावर धान्याचं माप ठेवलेलं, काकू ओवाळायला उभ्या, आणि मोठी दोन्ही हात चौकटीला लावून दारात. बाया ओरडत होत्या, “सोडू नको वं! सोन्याचं माग!”

“पोरगी देतो ताई, साडी बी देतो,” भाऊ हसत म्हणाला. “सोड आता.”

“साडी नको.”

“मंग?”

“वहिनीले माह्यं खरं सांग.”

भावाचा चेहरा खर्रकन उतरला.  पुढं व्हावं, काहीतरी सांगून तिला बाजूला घ्यावं, असं वाटत होतं, पण मी गेले नाही.

“ताई, आता नको,” तो हळूच म्हणाला. “लोक हायेत.”

“मी कबूल झालती, मले मालूम हाय. पन आज गोळी लपून घेतली ना, तवा वाटलं, आता जलमभर असंच. मी आली का तू भेशीन, मी बी भेईन. मंग कायले येऊ मी माहेरी?” तिचे हात अजून चौकटीवरच होते. “तूच सांग. मी सांगतलं त म्हनतीन, पागल हाय, काईबी बोलून राह्यली.”

भावानं उपरण्यानं तोंड पुसलं आणि तो नवरीकडे वळला. “हे पुन्याले नाही, यवतमाळले राह्यते. हिले डोक्याची बिमारी झालती. गोळ्या चालू हायेत, आता बरी हाय. मी तुह्याशी खोटं बोललो.”  डोळे पुसत म्हणाला, “माय गेल्यावर मले हिनंच वाढवलं.”

“अव माय!” पाठराखीण म्हणून आलेल्या मावशीनं कपाळाला हात लावला.  नवरी लहानखुरी, दिवसभराची दमलेली, मुंडावळ्या एका बाजूला सरकलेल्या. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि तो असायलाच हवा होता. मग तिनं मोठीकडे पाहिलं. पोरी, काहीही बोल, पण हिला या दारातून हाकलू नको, एवढंच माझ्या मनात चाललं होतं.

“यायच्याशी मी मंग बोलीन,” नवऱ्याकडे बोट करत नवरी म्हणाली. मग पदर सावरून तिनं विचारलं, “ताई, मी आत येऊ का?”

इतक्या वर्षांत मोठीची परवानगी कोणी मागितल्याचं मी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, भावानं नाही, मीसुद्धा नाही. तिलाही क्षणभर उमजेना, की ही आपल्यालाच विचारतेय.

“ये वं माय,” ती म्हणाली, आणि तिनं चौकटीवरचे हात काढले.