खरं होताना पाहिलेलं वचन

पत्रकांचा नवा गठ्ठा सोडला की ओल्या शाईचा वास येतो आणि मी पुन्हा खोपोलीच्या वरच्या अंगाला, आमच्या वाडीत, आईच्या तिरडीमागं उभी असते. वाडीत आमचं एकच घर ख्रिस्ती. बाबांच्या खांद्यावरच्या झोळीत त्या दिवशीही गावोगाव वाटायची प्रभूच्या वचनांची पत्रकं होती.

मसणवट्यात धाकटा काका काठी घेऊन आडवा आला.

"दादा, पुढं नको येऊस. गावानं ठरवलंय, तुमची माती हितं नाय."

"अरं, वहिनी हाय ती तुझी. तिच्या हातचं खाऊन वाढलास."

"म्हणून तर मी उभा हाय. दुसरा असता तर काठी चालवली असती."

बाबांनी तिरडी वळवली. आम्हा भावंडांना म्हणाले, "नीट बघा रं. घरचेच वैरी होतील, हे प्रभूनं आधीच सांगून ठेवलंय. ते खरं होताना बघायला भाग्य लागतं."

मी मान ताठ करून काकाकडं पाहिलं. मला तो दिसलाच नाही. खरं झालेलं वचन तेवढं दिसलं. आईला आम्ही आमच्या भाताच्या बांधाशी पुरलं.

त्या वचनावर माझा आजही विश्वास आहे, आणि मेलेल्या बाईला माती नाकारणाऱ्या गावाला मी माफ केलेलं नाही. पण आता शाईच्या वासाबरोबर काकाचे हात दिसतात, कोपरापर्यंत लाल मातीनं माखलेले. आमच्याकडं वहिनीचा खड्डा धाकट्या दिरानं खणायचा असतो. गावाची बैठक बसायच्या आधीच त्यानं तो खणला होता, आणि आम्हाला अडवताना त्या खड्ड्याच्याच काठावर उभा होता.