विरोध : बब्रुवान

जळकोट सोडून पुढं आलं आणि हमरस्त्यावरून दोन किलोमीटर आत वळलं की एक लहानशी वाडी लागते. त्या वाडीच्या ग्रामसभेच्या वह्या कुणी चाळल्या, तर एक गंमत दिसते. पस्तीस वर्षांत सरपंच बदलले, ग्रामसेवक बदलले, शाई बदलली. प्रत्येक ठरावाखालची एक ओळ तेवढी बदलली नाही. ‘विरोध : बब्रुवान.’

दारूबंदीचा ठराव आला, बब्रुवानतात्यांचा विरोध. का, तर ठराव मांडणाऱ्यालाच उभं राहायला दोघांचा आधार लागत होता. तात्यांच्या दारापुढं नळ द्यायचं ठरलं, विरोध. मग पुढच्या चार घरांना पाणी पोचणार नव्हतं. स्पष्ट बोलतात म्हणून गावानं त्यांचाच सत्कार ठरवला, त्यालाही विरोध. शाल परत गेली, नारळ आधीच फोडला होता म्हणून खोबरं वाटून टाकलं. थोरले भाऊ वारले तेव्हा शोकप्रस्तावाला तात्या उभे राहिले. म्हणाले, “दुःख हाय, त्याला विरोध न्हाय. पण मनमिळाऊ हा शब्द खोडा. आठ वर्सं माझ्याशी बोलला न्हाय.” शब्द खोडला. मग तात्या खाली बसून पोटभर रडले.

हे खूळ त्यांच्या डोक्यात उगाच शिरलं नव्हतं. विशीत असताना ते मेंढरं राखायचे. तेव्हा गावानं एकमतानं देवळामागं विहीर पाडायची ठरवली. त्या जागेला पाणी नाही हे तात्यांना ठाऊक होतं. खाली ओल असेल तिथंच मेंढरं गारव्याला बसतात, आणि वैशाखातसुद्धा त्यांची मेंढरं तिथं कधी बसली नव्हती. पण मोठ्या माणसांत आपण काय बोलायचं, म्हणून ते गप्प राहिले. साठ फुटांवर काळा दगड लागला. त्यांची आई पुढं सहा वर्षं लांबच्या ओढ्यावरून घागरी वाहत होती. तेव्हा तात्या तुळजापूरला जाऊन आईसाहेबांपुढं बोलले, “आता सभेत बसून म्या गप राहणार न्हाय.” देवीला दिलेला शब्द तो. वाडीला मात्र ती ओळ वहीच्या रेघांसारखीच वाटायची.

आणि मग तेलाचा विषय आला.

राज्य सरकार तेल कंपन्यांवर नवा कर लावणार, अशी बातमी आली. हमरस्त्यावर कुमारशेटचा पेट्रोल पंप आहे. त्यांना वरून, कंपनीकडून निरोप आला, की प्रत्येक पंपवाल्यानं जवळच्या गावाचा कराविरुद्ध ठराव घेऊन पाठवावा, आणि तो एकमतानं झालेला असावा. ‘एकमतानं’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या. आपल्या वाडीचा शिक्का मिळाल्याशिवाय एवढ्या मोठ्या कंपनीचं का अडलं असावं, हे कुणाला कळलं नाही. पण गावाला मान मिळाला म्हणून सरपंच खूश झाले.

त्याच पंपावर तात्यांची सून महेश्वरी पेट्रोल सोडायला होती. लुगड्यावर निळा शर्ट घालून ती गाडीवाल्याला म्हणायची, “शून्य बघा, दादा.” तिथं लागल्यापासून लोक तिला बालाजीची बायको न म्हणता नावानं हाक मारायला लागले होते. शर्ट ती रोज धुवायची, आणि इस्त्री नसली तरी गादीखाली घडी घालून ठेवायची.

कुमारशेट तिला म्हणाले, “महेश्वरी, सासऱ्याला आवर. ठरावाखाली त्यांची ओळ आली, तर शर्ट आणून दे अन् घरी बस.”

संध्याकाळी भाकरी थापताना तिनं विषय काढला. “मामा, तेलाच्या कराचं काय ठरवलंय?”

“कर काय हाय ते वाचल्याबिगर कसं ठरवू? कुणी वाचून दाखवलाय का?”

“सरकार कर लावणार. गाव त्याला विरोध करणार. तुमी गावाला विरोध केला, तर सरकारच्या बाजूचे होताल.”

तात्यांचा घास हातातच राहिला. सरकारच्या बाजूचं असल्याचा आरोप त्यांच्यावर आजवर कुणी केला नव्हता. “अन् न्हाय केला तर?”

“तर कंपनीच्या बाजूचे.”

“आपल्या बाजूचं कोण हाय मग यात?”

“मी हाय न्हवं पंपावर.” आणि तिनं शर्टाचं सांगितलं. सांगताना तव्यावरची भाकरी करपली, तरी तिनं उलटली नाही.

तात्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, “सभेत बसून गप राहायचं न्हाय, असं बोललोय म्या. सभेतच नसावं असं कुठं बोललोय? त्या दिवशी आईसाहेबांच्या दर्शनाला जातो.”

तसं केलंही. सभेच्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते तुळजापूरला गेले. रांगेत उभे राहिले, पायरीवर डोकं टेकवलं. जीभ आवळून धरलेल्या माणसासारखे दिवसभर देवळात बसून राहिले. इकडं सभा झाली. सगळ्यांनी हात वर केले. एक हात खालीच राहिल्याशिवाय सभा संपल्यासारखी वाटेना, म्हणून लोक थोडा वेळ तसेच बसून राहिले, मग चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी कुमारशेट ठरावाची नक्कल घेऊन तात्यांच्या दारात उभे राहिले. शिक्का होता, सही होती. खाली लिहिलं होतं, ‘एकमताने मंजूर. विरोध : बब्रुवान.’

“अवं, म्या गावातच नव्हतो,” तात्या म्हणाले. खिशातून त्यांनी एसटीचं तिकीट काढलं.

ग्रामसेवक चन्नबसप्पांना बोलावलं. ते चार गावं बघायचे. बिचाऱ्यांना वेळ पुरायचा नाही, म्हणून वही आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे आणि सभेत फक्त सह्या घ्यायचे. ते म्हणाले, “काय करू तात्या, हातच तसा वळतो. एकमताने लिहिलं की पुढं तुमचं नाव येतंच.”

“मग खोडा की,” कुमारशेट म्हणाले.

“सभेची वही अशी खोडता येत न्हाय. खोडायचा ठराव घ्यावा लागंल, अन् तोही सगळ्यांनी मंजूर केला पाहिजे.”

चार दिवसांनी खास सभा भरली. विषय एकच : ‘बब्रुवान यांचा विरोध वगळणेबाबत.’ असा विषय आहे म्हटल्यावर कधी न येणारी माणसंही आली. महेश्वरी पंपावरून तशीच शर्टात आली आणि दाराशी बसली. तात्या यावेळी सभेत होते. कुमारशेट त्यांच्या शेजारीच बसले होते, एक हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवून.

चन्नबसप्पांनी ठराव वाचला आणि विचारलं, “कुणाचा विरोध?”

सगळ्या माना तात्यांकडं वळल्या. महेश्वरीनं शर्टाचं वरचं बटण मुठीत धरलं. तात्यांनी तिच्याकडं पाहिलं, कुमारशेटचा हात गुडघ्यावरून अलगद बाजूला केला आणि उभे राहिले.

“माझा हाय.”

महेश्वरीनं डोळे मिटून देवीचं नाव घेतलं.

“तात्या, पोरीचा तरी विचार करा,” कुमारशेट म्हणाले.

“तिचाच करतोय. पण ऐका. तेलाच्या ठरावाला म्या विरोध केलेला न्हाय. म्या इथं नव्हतो, तिकीट हाय. ती ओळ खोटी हाय. पण ती खोडू नका. खोडली तर ही वही सभेच्या आधीच लिहिली जाती, हे उद्या कुणाला कळंल? चूक वहीतच राहू द्या. तिला झाकायला माझा विरोध हाय. लिहा.”

चन्नबसप्पांनी मान खाली घालून लिहिलं. पहिल्यांदाच त्यांनी सभा चालू असताना लिहिलं, त्यामुळं अक्षर वाकडं आलं. लिहिलेलं त्यांनी मोठ्यानं वाचलं, “श्री. बब्रुवान सांगतात की, तेलाच्या ठरावास त्यांनी विरोध केलेला नाही. सबब, तो विरोध वगळण्यास त्यांचा विरोध आहे.”

मग ते थांबले. पुन्हा वाचलं, यावेळी मनात. “कुमारशेट, तुमचं काम झालं की. पहिल्या ठरावाला विरोध न्हाय, असं त्यांनी स्वतःच लिहायला लावलंय. एकमत झालं.”

“अन् खालची ओळ?”

“ती राहती. तिला त्यांचा विरोध न्हाय.”

कुमारशेट दोन्ही ठरावांचे कागद हातात घेऊन कितीतरी वेळ उभे होते. एक उजव्या हातात, एक डाव्या. शेवटी त्यांनी दोन्ही एकत्र टाचले, तिसरं म्हणून एसटीचं तिकीट जोडलं आणि वर पाठवून दिले. वर ते कुणी वाचले का, कुणास ठाऊक. तक्रार मात्र आली नाही, आणि महेश्वरीचा शर्टही कुणी मागितला नाही.

पंधरा दिवसांनी तात्या सायकल ढकलत पंपावर गेले. महेश्वरी फळ्यावरचा पेट्रोलच्या भावाचा आकडा बदलत होती. तो वाढला होता.

“कर लागला का गं?”

“न्हाय. अजून ठरायचाच हाय म्हणं.”

“मग हा आकडा?”

“वरून आला, मामा.”

तात्यांनी चष्मा लावला. फळ्याशेजारी एक पाटी होती, ‘तक्रार वही मागितल्यास मिळेल.’ ती त्यांनी एकदा वाचली, मग बोट फिरवत पुन्हा वाचली. आत काचेमागं कुमारशेट खुर्चीतून अर्धे उठले. महेश्वरीनं आकड्यांचा डबा खाली ठेवला आणि सासऱ्यांकडं पाहत राहिली.

तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि खिशात ठेवला.

“मागच्या चाकात हवा कमी हाय,” ते म्हणाले. “तेवढी भर.”