लाईट गेली तर पाळी कुणाची

मी लिहावं एवढी माझी पात्रता नाही, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. खरे लिहिणारे आमचे सर. ते बीडला कायदा शिकवतात, कादंबऱ्या लिहितात, आणि रविवारच्या पेपरात त्यांचा लेखही येतो. हे लिहितोय तेसुद्धा आबांना, म्हणजे वडिलांना, आणि तात्यांना, म्हणजे चुलत्यांना, विचारून.

सरांच्या वर्गात एक पद्धत आहे. घरचा वाद सांगायचा, पण समोरच्याच्या बाजूनं. माझी वेळ आली तेव्हा मी आमच्या विहिरीचा दावा सांगितला. शिरूर कासारजवळ आमची सामाईक विहीर आहे, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एखाद्याच्या पाळीला लाईट गेली तर त्याची पाळी बुडाली, असं आबांचं म्हणणं. तात्या म्हणत, ती पुढं मिळाली पाहिजे. यावरून दोघे भाऊ कोर्टात गेले आणि बोलणं बंद झालं. दावा कुणीही जिंको, दोघांनी एकमेकांशी बोलावं एवढंच मला वाटत होतं.

मी तात्या होऊन बोलू लागलो. "माज्याच पाळीला लाईट गेली, त्यात माजा काय गुन्हा? पीक माजं वाळायचं का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "हा तर बापालाच हरवतोय बे!" वर्ग हसला. मला मात्र बोलता बोलता तात्यांचं पटायला लागलं होतं. त्याची थोडी भीतीही वाटली.

तासानंतर सर म्हणाले, "यावर लेख लिहावासा वाटतो. नावं देणार नाही. पण नुसती तुझी परवानगी पुरायची नाही."

सुटीच्या दिवशी ते स्वतः गावी आले. आबा म्हणाले, "आदी त्याला इचारा." तात्यांकडं चहा झाला, तेही म्हणाले, "आदी थोरल्याला इचारा. त्यो हो म्हणला तर माजं काय न्हाई." सर या दारातून त्या दारात फिरत राहिले. शेवटी म्हणाले, "मी तर तुमचा बेलीफच झालो की!" चुलती हसली. तात्या हसले नाहीत. उत्तर न घेताच सर परतले.

लेख आला तर घरात आणखी बिनसेल, या धास्तीनं मी होस्टेलवर दर रविवारी पेपर उघडायचो. लेख येत नव्हता. सरांना विचारायला माझी जीभ रेटत नव्हती.

मग एका सकाळी आईचा फोन आला.

"आरं, तुजे आबा अन् तात्या सरांच्या घरी गेलते. आमच्या घरातलं हाय, छापू नका म्हणून सांगाया."

"दोघं?"

"एकाच गाडीवर. लई जोरात पळवतो म्हणून आबा वाटंत भांडले म्हणं. सर म्हणले, बरं, न्हाई छापत. मग तितंच बसून ठरलं, लाईट गेली तर पाळी दुसऱ्या दिवशी द्यायची. आता वकिलाकडं गेलेत, दावा काढून घ्यायला."