तोंडाला काम

“तोंडले काम पाहिजे, भो!” असं म्हणत आप्पा डबा उघडायचे आणि पहिलं गाजर माझ्या हातात द्यायचे.

पांडेसरातल्या आमच्या डाइंग मिलमध्ये ते रंगखात्यात होते. मिसरूड फुटल्यापासून बिडी ओढलेला माणूस. जेवणाची सुट्टी झाली की सगळे बॉयलरमागे धूर काढायला पळत. मला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, त्यामुळे सुट्टीत माझ्याशी बोलायला कोणी नसे. तुमच्याही कामावर असा एखादा असेल बघा, भिंतीला टेकून एकटाच जेवणारा.

मग बारडोलीला आप्पांच्या लेकीला मुलगी झाली. आजोबा धावत गेले. लेक म्हणाली, “बाबा, बिडी सुटल्याशिवाय पोरीला हात लावायचा नाही.” बायको गेल्यापासून आप्पांना आपलं म्हणावं असं तेवढं एकच घर होतं. नातीला लांबूनच पाहून परतले आणि दुसऱ्या दिवशी सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसले.

आधी तलफ आली की पेढे खायचे. पोट सुटलं, बिडी काही सुटेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चांगलंच झापलं, तेव्हा डब्यात गाजर, काकडी, भाजलेले चणे आले. जेवणानंतर मोसंबी आणि चहाऐवजी ताक. “चहा पिधा का हात बिडीना खिसामा जास,” ते म्हणायचे. थंडीत पोंक आला तेव्हा तर स्वारी भलतीच खुशीत. कोवळी भाजलेली ज्वारी मूठमूठ चघळत बसायचे.

पण बॉयलरमागून हसण्याचा आवाज आला की चघळणं थांबायचं. त्यांची सगळी दोस्ती त्या धुरात होती. एकदा तर उठून चालूच लागले. मी म्हटलं, “आप्पा, नात कुणावर गेली?” ते थांबले, परत येऊन बसले आणि भोंगा होईपर्यंत तिच्याबद्दलच बोलत राहिले.

शेवटी बिडी सुटली. लेकीनं त्यांना कायमचंच बारडोलीला बोलावून घेतलं. जाताना सगळ्यांना भेटले, मला दोनदा भेटले. मला आनंद झाला आणि भयंकर एकटंही वाटलं.

परवा सुट्टीत न राहवून फोन केला. पलीकडून कुजबुज आली, “हळू बोल भो, पोर खांदावर निजेल शे.”

इथे पुन्हा बोलायला कोणी नाही, हे मला त्यांना सांगायचं होतं. मी “बरं” म्हणालो, तेही हळूच.