थोरली आणि रुमालवाली

त्या मोठ्या दुकानात चपला-बुटांच्या विभागावर थोरलीचं राज्य होतं. थोरली हे काही तिचं नाव नव्हे. सगळ्यांत जुनी म्हणून चिकटलेलं. गिऱ्हाइकं तिच्यासाठी ताटकळत बसायची आणि तिला ते मनापासून आवडायचं.

मग नवी आली. डोक्याला रुमाल बांधणारी, वेगळ्या धर्माची, बोलायला लाघवी. किरकिऱ्या पोराच्या पायात बूट चढवताना ती बुटालाच रागवायची. पोर खुदकन हसायचं आणि आई दोन जोड घेऊन जायची. शेजारी खोकी रचणाऱ्या थोरलीचा जळफळाट व्हायचा. लोक दारातूनच विचारू लागले, "त्या रुमालवाल्या ताई आहेत का?" एकदा तर थोरलीची सख्खी नणंद आली आणि "वहिनी, तू बस गं" म्हणत नवीकडूनच सँडल घालून बघत राहिली. घरी येऊन थोरलीने भांडी आपटली.

"माझ्या बहिणीने सँडल घेतली, त्यात पातेल्याचा काय गुन्हा?" नवरा म्हणाला.

नवी मॅनेजरलाही खुपत होती, पण वेगळ्या कारणाने. तिचा रुमाल दुकानाला शोभत नाही, असं तो मागे बोलून गेला होता. एके दिवशी त्याने थोरलीला केबिनमध्ये बोलावलं आणि कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. दुकानाच्या वायफायवर कोण फोनवर काय बघतं, सगळं त्यात उमटत होतं. कामगारांना याचा पत्ताच नव्हता.

"बघा, हिची धर्माची प्रवचनं. गिऱ्हाईक सोडून ही ऐकत बसते, एवढं तुम्ही सांगायचं."

प्रवचनं जेवणाच्या सुट्टीतली होती. त्याच पडद्यावर खाली थोरलीचीही नोंद होती. ती तर भर कामात, केसांआड इअरफोन लपवून, आपल्या देवाची गाणी ऐकायची. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"साहेब, आणि हे?"

"ते आपलंच आहे. त्याचं काय एवढं."

थोरलीने मान डोलावली आणि त्याने सांगितलं तसं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी नवीची रवानगी तळघरातल्या गोदामात झाली.

आता विभाग पुन्हा तिचा एकटीचा होता. पण लोक येऊन रुमालवालीच शोधायचे आणि ती नाही म्हटल्यावर तोंड पाडून थोरलीपुढे पाय करायचे. समोर होती तेव्हा निदान तिच्यावर कुरघोडी तरी करता यायची. गोदामातल्या बाईला हरवायचं कसं? थोरलीला आता तिच्या नसण्याचाही हेवा वाटू लागला.

नवीने मुख्य कचेरीत तक्रार केली. तिथून एक अधिकारी बाई आल्या आणि त्यांनी मॅनेजरसमोरच थोरलीला विचारलं, "ही गिऱ्हाईक सोडून फोनवर असायची?"

"नाही," थोरली म्हणाली. "मी खोटं बोलले. ती सुट्टीत ऐकायची. कामात ऐकते ती मी. साहेबांनी दोन्ही पाहिलं, गोदामात मात्र तिलाच धाडलं."

मॅनेजरची उचलबांगडी झाली. चोरून नजर ठेवणं बंद झालं. थोरलीला लेखी ताकीद मिळाली, आणि नवी वर आली.

"ताई, तुम्ही खरं बोललात म्हणून..."

"खोटंही मीच बोलले होते. माफ कर," थोरलीने तिला मध्येच तोडलं. "आणि गोडगोड बोलू नकोस. ती खिडकीजवळची बाई माझं गिऱ्हाईक आहे."

नवी हसली. तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ सुजलेला पाय ओढत आत आले आणि थोरलीच्या डोक्यावरून मागे बघत म्हणाले, "त्या रुमालवाल्या ताई आल्या का परत?"

थोरलीच्या मस्तकात तिडीक गेली. तिने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं.

"आल्या," ती म्हणाली, आणि नवीला हाक मारली.