तेल लावलेले पिसारे

माझी वहिनी ज्या माशासाठी राबली, तो मासा तिने धड कधी पाहिलाच नव्हता. ताटातसुद्धा नाही. आमच्या लॉजचा नियम होता की मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि परत सोडायचा. स्वयंपाकी म्हणायचा, "मग बोलावता कशाला बिचाऱ्याला?"

लॉज जंगलाच्या पोटात होता. रस्ता संपल्यावर अर्धा दिवस बोटीने. काही लाकडी खोल्या, एक जेवणघर, एक धक्का. पाहुणे यायचे ते एकाच माशासाठी. आम्ही त्याला दात्या म्हणायचो. दुसऱ्या माशांवर जगणारा मासा. जबडा लोखंडी कडीसारखा आणि दात बाहेर. साधी दोरी तो दाढी केल्यासारखी कापतो, म्हणून टोकाला वीतभर तार लावावी लागते. पाहुणे त्याला गांडूळबिंडूळ दाखवत नसत. गळाला पिसं आणि केस बांधून खोटा मासा करायचा, हलक्या छडीने आणि जड दोरीने तो लांब फेकायचा, मग दोरी हाताने खेचत आणायची. त्या खोट्या माशाला ते फ्लाय म्हणायचे. आम्ही पिसारा.

माझा थोरला भाऊ, दादा, बोट वल्हवायचा. मी बोटी दुरुस्त करायचो, आणि नदीचं पाणी चढलं की त्याच्या बोटीत मागे बांबू घेऊन उभा राहायचो. बोट पुढे नेणं हे काही काम नव्हे. पाहुणा दोरी फेकतोय तोवर वाहत्या पाण्यात बोट एका जागी धरून ठेवणं, हे काम. ते कुणाला दिसत नाही, कारण काही हलत नाही. दादाने तेच केलं, जन्मभर. त्याच्या पाठीवर हात ठेवला तर फळीवर ठेवल्यासारखं वाटायचं.

पिसारे वहिनी बांधायची. जेवणघरामागच्या खोलीत खिडकीशी टेबल, टेबलाला स्क्रूने आवळलेला चिमटा, चिमट्यात गळ. आधी दोऱ्याचा पाया, मग शेपटीचे केस, मग कोंबड्याच्या मानेची पिसं, दर थराला ताणून वेढे. दोरा सैल राहिला तर दात्या पहिल्या चाव्यात सगळं सोलून नेतो. जास्त ताणला तर हातातच तुटतो. तिच्या बोटांवर दोऱ्याच्या चिरा कायमच्या होत्या. शेवटी दोन डोळे चिकटवायची. आणि मग एक गोष्ट करायची, जी तिला कुणी शिकवली नव्हती. बारीक फणीने पिसारा विंचरायची, तेलाचं बोट लावायची आणि चापूनचोपून बसवायची. मुलींच्या वेण्या घालून घालून वळण पडलेला हात. तो गळावरही तसाच चालायचा.

घोळ तिथेच होता. तेल लावलेला पिसारा बुडत नाही, बदकासारखा तरंगतो. दात्या असतो खोल. म्हणून बोट पहिल्या वळणाआड गेली की दादा पिसारा बोटीच्या तळाशी ओल्या वाळूत धरायचा आणि टाचेने घासायचा. तेल निघालं, पिसं विस्कटली, पिसारा पाणी पिऊन जड झाला, की पाहुण्याला द्यायचा.

"तिला सांगून टाक की," मी म्हणायचो.

"तू सांग. तुझी वहिनी आहे."

"तुझी बायको आहे."

"म्हणूनच."

संध्याकाळी पिसारे परत यायचे ते टकले होऊन. वहिनी एकेक उजेडात धरायची. "काय दात असतील हो मेल्याचे! केस न् केस ओढलाय." दादा कपातल्या चहाकडे बघत बसायचा.

तिला एकच हौस होती. आपला पिसारा मासा धरतो कसा, ते एकदा डोळ्यांनी बघायचं. दादाकडे कारणं तयार असायची. बोटीत जागा नाही. ऊन लागेल. पाणी गढूळ आहे.

"ऊन मला ओळखतं, आणि डोळे माझे मी आणते," ती म्हणायची. "तुम्ही नुसतं हो म्हणा."

तो उठून वल्ही पुसायला घ्यायचा. त्या हंगामानंतर तर दोघं लॉज सोडणार होते. मुलीने शहरात आपल्याजवळच खोल्या बघून ठेवल्या होत्या. म्हणजे आता नाही तर कधीच नाही, हे वहिनी त्याला उठताबसता ऐकवत होती.

शेवटच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. दरवर्षी यायच्या, नवऱ्याला घेऊन. एका सकाळी नवऱ्याचं पोट बिघडलं आणि बोटीतली एक जागा रिकामी राहिली. वहिनी चहा घेऊन धक्क्यावर आली होती.

"ताई, तुम्हीच चला की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माझे सगळे मासे तुमच्याच पिसाऱ्यांना लागलेत."

वहिनीने ट्रे माझ्या हातात दिला आणि बोटीत जाऊन बसली. चपलासुद्धा धक्क्यावरच राहिल्या. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेकडे पाहिलं.

पाणी चढलेलं होतं, त्यामुळे मीही मागे होतो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. दादा मान खाली घालून वल्ही मारत होता. डॉक्टरीणबाईंनी नवाकोरा पिसारा तारेला अडकवला आणि सवयीने त्याच्यापुढे धरला.

"घ्या. तुमचा तो तुडवायचा कार्यक्रम होऊ दे."

"कसला कार्यक्रम?" वहिनीने विचारलं.

"पायाखाली घासतात ना आधी. मला वाटलं, इथली पद्धतच आहे."

वहिनी दादाकडे वळली.

"अहो?"

"अगं, तेल..."

"पायाखाली?"

"तेलाने तो तरंगतो गं. थोडंसंच घासतो."

"थोडंसं! आणि संध्याकाळी समोर बसून माशाच्या दातांचं कौतुक ऐकता? भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?"

मी बांबू नदीत खुपसला. जोर लावायला तीच वेळ बरी होती.

वहिनीने पिसारा घेतला, केस सारखे केले आणि परत दिला. "असाच टाका. बघते कसा धरत नाही."

खडकांखालच्या डोहाशी दादाने बोट धरली. छडी मागे गेली, पुढे आली, दोरी हवेत सरळ झाली आणि पिसारा पाण्यावर पडला. तरंगला. भांग पाडलेला, डोळे वटारलेला, तसाच आमच्याकडे परत आला. डॉक्टरीणबाई टाकत राहिल्या, तो परत येत राहिला. मग खालून एक लांब सावली वर आली, पिसाऱ्याखाली घुटमळली आणि वळून निघून गेली.

"हाच का?" वहिनी कुजबुजली.

"हाच," दादा म्हणाला. वल्ही वाकली होती, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. "काय ते लवकर ठरव. इथे फार वेळ नाही धरता येत."

वहिनीने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग खडकांकडे. बोट तसूभरही सरकली नव्हती.

"द्या इकडे," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. पिसारा तळातल्या वाळूत ठेवला आणि आपली टाच त्यावर टेकवली.

"टोक बाहेरच्या बाजूला कर, पायात जाईल."

"मला नका शिकवू. हा गळ मी बांधलाय." ती घासत राहिली. अर्धवट नाही, भांडी घासतात तशी. "पुरे?"

"अजून जरा."

"घरी चला, मग बघते तुमच्याकडे."

या वेळी पिसारा पडला आणि दिसेनासा झाला. डॉक्टरीणबाई दोरी खेचू लागल्या. एक खेच, दुसरी, आणि पाणी फाटलं.

"छडी उचलू नका, हाताने खेचा!" ओरडली कोण, तर वहिनी. जबडा कडक, छडी उचलली तर गळ रुतत नाही, हे ती घरात वर्षानुवर्षं ऐकत आली होती. दात्या सबंध पाण्याबाहेर आला, डोकं झाडलं, पडला, पुन्हा आला. वहिनीने माझं मनगट धरलं होतं. त्याची खूण दुसऱ्या दिवशीही होती.

दमल्यावर तो बोटीशी आला. दादाने शेपटी धरली आणि पक्कड वहिनीकडे केली. "तूच काढ."

ती वाकली. तोंडात पाहिलं. डॉक्टरीणबाईही वाकल्या. "असे पेशंट आले तर दवाखाना बंद करेन मी," त्या म्हणाल्या. वहिनीने गळ सोडवला. पिसाऱ्याचं एक पीस उरलं होतं आणि एक डोळा. दादाने माशाचं तोंड वाहत्या पाण्याकडे करून त्याला धरून ठेवलं, अंगात जोर येईपर्यंत. मग तो गेला.

धक्का दिसू लागल्यावर दादाने विचारलं, "पाहिलास?"

"पाहिला. एवढा मोठा असतो हे नाही कधी सांगितलंत."

"रोज सांगत होतो की!"

"मला वाटायचं, फुगवून सांगता," वहिनी म्हणाली. "तुमचं काय खरं धरायचं, काय नाही, ते आता शहरात गेल्यावर सवडीने बघू."

दादा हसला आणि वल्हं चुकला. त्याचं वल्हं चुकलेलं मी तेवढंच पाहिलं.