ब्रेकताईंची झोप

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकताई म्हणत. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. त्यावर ताईंचा पाय इतका हलका पडे, की शिकणाऱ्याला वाटावं गाडी आपणच थांबवली. पहिल्याच दिवशी त्या सांगत, "घाबरा, अगदी पोटभर घाबरा. घाबरायचं काम तुमचं, थांबवायचं माझं." त्यांच्याकडे शिकलेल्यांतली एक मुलगी पुढे रुग्णवाहिका चालवू लागली. रस्त्यात ताई दिसल्या की घाईत नसली तर ती हटकून दिवे लुकलुकवायची.

नवरा अचानक गेला आणि ताईंची झोप उडाली. डोळ्याला डोळा लागेना. घरच्या जुन्या डॉक्टरांनी एक इवलीशी पांढरी गोळी दिली आणि म्हणाले, "थोडे दिवस घ्या." गोळी लागू पडली, ताई पुन्हा माणसांत आल्या. पण त्या थोड्या दिवसांचे महिने झाले आणि महिन्यांची वर्षं. जुने डॉक्टर निवृत्त झाले, नवे आले, त्यांनीही "चालू ठेवा" म्हटलं. एकीची दीड झाली, दीडच्या दोन झाल्या. चोरीछुपे काहीच नव्हतं, सगळं डॉक्टरांच्या सहीनिशी. त्यामुळे यात काही वावगं असेल अशी शंका कुणाला शिवलीही नाही.

सकाळी मात्र जीभ जड व्हायची. चहाचं आधण ठेवलंय हे पार आटून भांडं करपेपर्यंत लक्षात यायचं नाही. घरात ताईंच्या सोबतीला त्यांची थोरली नणंद असे. लग्न न केलेली, जिभेची तिखट. ती म्हणायची, "वहिनी, वय झालं तुझं." ताईंनाही ते पटून गेलं होतं.

एका सकाळी शिकायला एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आयुष्यभर मुलांना दटावलेला हा माणूस स्टिअरिंग असं धरायचा, जसं काही ते पळूनच जाणार आहे. बाजाराच्या वळणावर त्यांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. असं दर आठवड्याला कुणी ना कुणी करतंच. ताईंना ते दिसलं, कळलं, पाय हलला पाहिजे हेही कळलं. पण पाय निघाला तो रेंगाळत. तोवर गाडी फुटपाथवर चढून फर्निचरच्या दुकानासमोर रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये घुसली होती. खुर्च्या रस्ताभर उधळल्या. नशीब म्हणजे कुणाला खरचटलंही नाही.

मुख्याध्यापक खाली उतरले. "माझंच चुकलं. माझ्याच्यानं हे व्हायचं नाही."

गप्प बसल्या असत्या तर तो विषय तिथंच मिटला असता. पण ताई म्हणाल्या, "सर, तुमची चूक धरून चालायची असते, म्हणून तर मी शेजारी बसते. पाय माझा उशिरा पडला."

सकाळची जड जीभ, करपलेलं भांडं आणि आता हा रेंगाळलेला पाय, हे वय नव्हे, रात्रीची गोळी आहे, हे त्यांना उमगलं होतं. तशाच त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाकडे गेल्या आणि किल्ली टेबलावर ठेवली. मालक म्हणाला, "अहो, खुर्च्याच पडल्या ना?" ताई म्हणाल्या, "आज खुर्च्या होत्या. झोपेच्या गोळीचा अंमल सकाळीही उतरत नाही माझा. ती सुटेपर्यंत मी या गाडीत बसणार नाही."

घरी येऊन त्यांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या गोळ्या संडासात ओतल्या. नणंद दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण तेव्हा त्याकडे लक्ष द्यायला ताईंना सवड नव्हती.

पुढचे दोन-तीन दिवस ताईंनी दात-ओठ खाऊन काढले. हात कापायचे, घामानं कपडे भिजायचे, भांड्याचा आवाजही कानात सुईसारखा शिरायचा. आणि मग भरदुपारी स्वयंपाकघरात त्यांना फिट आली. नणंदेनं आरडाओरडा करून शेजारीपाजारी गोळा केले आणि त्यांना इस्पितळात हलवलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई कॉटच्या कडेवर बसून बोलल्या. "हिंमत मोठी आहे तुमची, पण ही गोळी हिमतीनं सुटत नाही. इतक्या वर्षांत मेंदूनं तिच्या भरवशावर आपला कारभार बसवलाय. एकदम काढलीत तर तो पिसाटतो, जिवावरही बेततं. आता पुन्हा सुरू करायची आणि कणाकणानं उतरवायची."

"म्हणजे मला व्यसन लागलंय?" ताईंनी विचारलं.

नणंद कळवळून म्हणाली, "काहीतरीच काय! आमच्या घरात दारू नाही, सिगारेट नाही."

"शरीराला सवय झालीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याला नाव काहीही द्या, लाज मात्र देऊ नका. लाज वाटली की माणूस लपवतो आणि लपवलं की मला उपचार करता येत नाहीत."

मग सुरू झाला तो उतार. गोळी थोडी कमी करायची, शरीर स्थिरावलं की पुन्हा थोडी. जमलं नाही तर तिथंच थांबायचं, पण मागं वळायचं नाही. डॉक्टरीणबाई एका वेळी आठवड्यापुरत्याच गोळ्या देत. शिवाय ठरल्या वेळी उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही, संध्याकाळी पाय दुखेतो चालायचं. दुसऱ्यांना गाडीत बसवणाऱ्या ताई आता सगळा गाव पायी तुडवू लागल्या. कुणी विचारलं, "काय ताई, गाडी कुठाय?" तर सांगत, "गॅरेजात आहे. गाडी नाही, मी."

पण काही आठवड्यांनी गोळ्या वेळेआधीच संपू लागल्या. गुंगीत आपणच जास्तीच्या घेतो आणि विसरतो की काय? स्वतःवरचा विश्वासच उडाला. तरी त्या गेल्या आणि डॉक्टरीणबाईंसमोर मान खाली घालून म्हणाल्या, "मी जास्त घेतल्या असणार. आठवत नाही, पण घरात दुसरं घेणार कोण?"

शेजारच्या खुर्चीत बसलेली नणंद पदराशी चाळा करत होती. अचानक तिला रडू फुटलं.

"तिनं नाही घेतल्या. मी घेतल्या. भाऊ गेल्यापासून अर्धी-अर्धी घेतेय. आधी डबीत ढिगानं असायच्या, कुणाला कळायचं नाही."

डॉक्टरीणबाईंनी नवा कागद ओढला आणि नणंदेलाही तिचा वेगळा उतार लिहून दिला. घरी जाताना ताई नणंदेच्या दहा पावलं पुढे चालत राहिल्या. फिट आली ती आठवली, स्वतःवर घेतलेला संशय आठवला आणि रागानं कानशिलं तापली. घरी आल्यावर नणंद आपल्या खोलीत जाऊन दार लावून बसली.

ताईंनी चहा केला, भांडं करपू न देता. दोन कप घेऊन त्यांनी नणंदेचं दार ढकललं.

"वन्सं, तो माझा नवरा होता म्हणून सगळ्यांनी माझी झोप विचारली. तुमचा पाठचा भाऊ गेला, तुमची कुणी विचारलीच नाही. मीसुद्धा नाही."

नणंद तोंड फिरवून म्हणाली, "आता मलाही चालायला नेशील."

"नेणार. आणि तुमची कुरकुर ऐकत नेणार."

दोघींचा उतार वर्षाहून जास्त चालला. मध्ये असे आठवडे आले की ताई विनाकारण रडत, आणि असेही की नणंद अख्ख्या जगावर खेकसत असे. पण एकीचा पाय डगमगला की दुसरी घट्ट उभी राही. ताईंची शेवटची चिमूटभर गोळीही सुटली, तेव्हा झोप तुटक येत होती, पण ती स्वतःची होती. डॉक्टरीणबाईंनी गाडीची परवानगी दिल्यावरही ताईंनी आधी मालकालाच स्टिअरिंगवर बसवलं. "कुठंही, न सांगता चूक करा," म्हणाल्या. त्यानं तीन-चारदा केली. प्रत्येक वेळी गाडी जागच्या जागी थांबली.

आता त्या नव्या शिकाऊला घाबरायला सांगायच्या आधी, कुठली गोळी घेता का, हे विचारतात. हो म्हणणाऱ्याला टाकून बोलत नाहीत, डॉक्टरीणबाईंचा पत्ता देतात आणि बजावतात, "एकदम बंद करायची नाही हं. मी करून पाहिलंय."

नणंदेचा शेवटचा कण अजून बाकी आहे. "गोळी कसली, धूळ आहे ती, पण सोडवत नाही," असं ती म्हणते. ताई तिला घाई करत नाहीत.